वाळूवर उभी असलेली पाणबुडी

शिरूर-दौंडच्या श्रोत्यांनो, आपल्या घोड नदीचं पाणी भीमेत जातं, भीमेचं कृष्णेत आणि कृष्णेचं बंगालच्या उपसागरात. त्याच उपसागराच्या काठी, विशाखापट्टणमच्या रामकृष्ण किनाऱ्यावर ‘आयएनएस कुरसुरा’ ही पाणबुडी उभी आहे. सोव्हिएत बनावटीची, 91 मीटर लांबीची. 1969 साली नौदलात आली, 1971 च्या युद्धकाळात सेवेत होती, 2001 साली निवृत्त झाली. पाण्यातून ओढून तिला वाळूवर काँक्रीटच्या पायावर बसवलं आणि 2002 साली ती संग्रहालय म्हणून लोकांसाठी खुली केली.

आत गेलं की आधी मान वाकवावी लागते. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायचं तर गोल झडपेतून अंग चोरून जावं लागतं. टॉर्पेडोंच्या शेजारीच खलाशांचे अरुंद बिछाने. सुमारे 75 माणसं इथं राहायची. हे पुस्तकात वाचून उमगत नाही. तिथं उभं राहावं लागतं. माहिती सांगायला नौदलातले निवृत्त जवान असतात.

पण लोखंडाला खारी हवा खाते. पत्रा सतत तपासावा, घासावा, रंगवावा लागतो, आणि त्याला पैसा लागतो. मुंबईत ‘विक्रांत’ ही युद्धनौका अशीच संग्रहालय म्हणून होती. 2012 साली ती बंद झाली, 2014 साली भंगारात गेली. मला ती गोष्ट आजही सलते.

दौंडवरून जाणारी कोणार्क एक्सप्रेस विशाखापट्टणमला जाते. मुलांना नक्की घेऊन जा.