पुराव्याचा खेळ



रहस्यकथेच्या वाचकाची एक जुनी तक्रार आहे. कथेंतला गुप्तहेर अर्धवट जळालेली काडी उचलतो, पत्रावरील अक्षर न्याहाळतो, साक्षीदाराच्या चर्येवरून कांहीं ताडतो. वाचकाला मात्र हें सारें लेखकाच्या डोळ्यांनींच पाहावें लागतें. पुरावा आपल्या हातीं यावा आणि निर्णयही आपणच द्यावा, ही हौस त्याच्या मनांत राहून जाते. ती हौस पुरविणाऱ्या संगणकावरील खेळांविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत. नटनटींचा अभिनय कॅमेऱ्यानें टिपून त्या चलच्चित्रांच्या आधारें खेळणाऱ्याकडून गुन्ह्याचा तपास करवून घेणारे हे खेळ होत. ते मनोरंजक आहेत, यांत वाद नाहीं. पुराव्याकडे पाहण्याचें कोणतें वळण ते आपल्या मनाला लावतात, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

या कल्पनेचें मूळ संगणकाहून जुनें आहे. १९३६ सालीं डेनिस व्हीटली या इंग्रज कादंबरीकारानें, जे. जी. लिंक्स यांच्या कल्पनेवरून, ‘मर्डर ऑफ मायामी’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. पुस्तक कसलें, तें पोलिसांचें दप्तरच होतें! त्यांत तारा होत्या, जबान्या होत्या, संशयितांच्या जागीं खऱ्याखुऱ्या माणसांचीं छायाचित्रें होतीं. इतकेंच नव्हे, तर केंस, काडी आणि रक्ताचा डाग दाखविणारा पडद्याचा तुकडाही आंत घातलेला होता. उत्तराचीं पानें शेवटीं मोहोरबंद केलेलीं असत. आधीं निर्णय करा आणि मग मोहोर फोडा, असा संकेत होता.

पुढें सीडी नांवाची तबकडी प्रचारांत आली. तीवर सुमारें साडेसहाशें मेगाबाइट माहिती मावूं लागली आणि चलच्चित्रें घरच्या संगणकावर दाखविणें शक्य झालें. १९९१ सालीं अमेरिकेंतील आयकॉम सिम्युलेशन्स या संस्थेनें ‘शेरलॉक होम्स: कन्सल्टिंग डिटेक्टिव्ह’ हा खेळ काढला. लंडनचीं वृत्तपत्रें चाळावयाचीं, पत्त्यांची वही उघडावयाची, कोणाकडे जावयाचें तें ठरवावयाचें. मग त्या भेटीचा प्रवेश नट करून दाखवीत. माहिती वाचण्याचा वेग मंद, म्हणून चित्र पडद्याच्या एका लहानशा चौकटींतच हाले. अखेरीस न्यायाधीशापुढें उभें राहून त्याच्या प्रश्नांचीं उत्तरें द्यावीं लागत, आणि आपल्या कामगिरीची तुलना प्रत्यक्ष होम्सशीं होई.

अशा खेळांत दोन मोह असतात. पहिला मोह चेहऱ्याचा. समोर जिवंत नट बोलत असला, कीं त्याची पापणी लवली किंवा आवाज अडखळला, तर ‘हाच तो!’ असें आपण म्हणून जातों. परंतु चर्येवरून व बोलण्याच्या ढंगावरून असत्य ओळखण्याची मनुष्याची शक्ति फारच तोकडी आहे. या विषयावरील शेंकडों प्रयोगांचा आढावा २००६ सालीं बाँड व डीपॉलो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनीं घेतला. तेव्हां माणसें शंभरांत सरासरी ५४ वेळांच बरोबर ठरतात असें दिसलें. नाणें उडवून ५० वेळां तरी बरोबर येतेंच!

म्हणून २०१५ सालचा ‘कॉन्ट्रॅडिक्शन’ हा टिम फॉलिन यांचा खेळ मला प्रामाणिक वाटतो. एका इंग्रजी खेड्यांत एका तरुणीचा बुडून मृत्यु झाला आहे, आणि इन्स्पेक्टर जेंक्स यांना एका संध्याकाळींच तपास उरकावयाचा आहे. येथें चेहरा वाचून भागत नाहीं. एकाच माणसाचीं परस्परविरुद्ध अशीं दोन विधानें शोधून तीं त्याच्यापुढें ठेवावीं लागतात. आपल्याकडील वकील उलटतपासणींत हेंच करीत आले आहेत.

त्याच वर्षीं सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ हा खेळ आला. १९९४ सालीं एका स्त्रीच्या पोलिसांनीं सात मुलाखती घेतल्या, अशी कल्पना आहे. त्यांचे तुकडे एका जुन्या संगणकांत पडलेले आहेत. एक शब्द टाइप करावा, म्हणजे तो शब्द तिच्या तोंडीं ज्या तुकड्यांत आला असेल ते निघतात; पाहावयास मिळतात मात्र पहिले पांचच. पोलिसांचे प्रश्न ऐकूंच येत नाहींत, केवळ तिचीं उत्तरें! व्हिव्हा सायफर्ट या नटीनें तीं अशा कौशल्यानें दिलीं आहेत, कीं शेवटीं दोन खेळणाऱ्यांचीं अनुमानें जुळत नाहींत. आणि मोहोर फोडून पाहण्याचें पान येथें नाहींच.

दुसरा मोह ठशांचा. १९९८ सालच्या ‘द एक्स-फाइल्स’ या खेळांत खेळणारा एफबीआयचा अधिकारी होऊन घटनास्थळींच्या वस्तु गोळा करतो. या जातीच्या अन्य खेळांतही ठसा ठशाशीं जुळवावयाचा असतो. तो जुळला, कीं शंका फिटली. बोटांच्या ठशांच्या शास्त्राशीं आपल्या देशाचा संबंध निकटचा आहे. एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालीं अझिझुल हक व हेमचंद्र बोस यांनीं ठशांचें वर्गीकरण सिद्ध केलें, आणि १८९७ सालीं कलकत्त्यास जगांतील पहिली ठसे-कचेरी उघडली. तें शास्त्र खोटें नाहीं. परंतु ११ मार्च २००४ रोजीं माद्रिद येथें आगगाड्यांत बाँबस्फोट झाले, तेव्हां काय घडलें तें पाहा. एका पिशवीवर सांपडलेला ठसा अमेरिकेंतील एका वकिलाचाच आहे, असें एफबीआयच्या तज्ज्ञांनीं छातीठोकपणें सांगितलें. तो गृहस्थ सुमारें दोन आठवडे कोठडींत होता. पुढें स्पेनच्या पोलिसांनीं तो ठसा एका अल्जीरियन इसमाचा असल्याचें दाखवून दिलें, आणि एफबीआयला क्षमा मागावी लागली. दोन्ही ठशांत विलक्षण साम्य होतें. आणि लक्षावधि ठशांतून संगणक शोध करूं लागला, म्हणजे असे जुळे सांपडण्याचा संभव वाढतो. २००९ सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनेंही बजावलें, कीं डीएनए परीक्षा वगळतां कोणत्याही पद्धतीची, अमुक पुरावा अमक्याचाच असें ठरविण्याची, शक्ति काटेकोरपणें सिद्ध झालेली नाहीं.

खेळांत ठसा चुकत नाहीं, कारण कोडें रचणाऱ्यानें तो मुद्दाम तेथें ठेवलेला असतो. जगांतल्या गुन्ह्याला असा रचनाकार नसतो. आपलीं मुलें हे खेळ खेळोत. त्यांतून चिकाटी आणि बारीक नजर त्यांना खचित मिळेल. त्यांनीं गुन्हेगाराचें नांव उच्चारतांच वडील माणसांनीं मात्र शेजारीं बसून एवढेंच विचारावें, “या पुराव्याचा दुसरा अर्थ होऊं शकेल का?” आजचीं हींच मुलें उद्यां वर्तमानपत्र वाचतांना कोणाला तरी मनांतल्या मनांत दोषी ठरविणार आहेत. त्या वेळीं हा प्रश्न त्यांना आठवला, तर एखाद्या निरपराध्याची अब्रू तरी वांचेल.