खोकला कुणाचा, वय कोणते?

(दापोली येथील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



लहानपणी मे महिन्यात मी मावशीकडे जायची. ती पडवीत एकटी जेवायची. ताट वेगळे, तांब्या वेगळा. काका मुंबईला गिरणीत होते. दहा-बारा जणांच्या खोलीत राहून छातीचा आजार घेऊन गावी आले. तिने त्यांची सेवा केली, ते गेले. पुढे तीही खोकू लागली. घरचे म्हणाले, चुलीचा धूर लागतो. दोन पावसाळे धूरच लागत होता! शेवटी थुंकी तपासली, क्षय निघाला. औषधाने ती बरी झाली. ताट मात्र वेगळेच राहिले.

क्षय ताटावाटीतून पसरत नाही. तो हवेतून, खोकल्यातून पसरतो. औषध नीट सुरू झाले की काही आठवड्यांत तो धोकाही खूप कमी होतो. मग तिला पडवीत कुणी बसवले? जंतूने नव्हे, आपणच.

२०१९ ते २०२१ या काळात देशभर घरोघर जाऊन क्षयाची पाहणी झाली. पंधरा वर्षांवरील दर लाखात ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय आढळला. पुरुषांत प्रमाण बायकांपेक्षा बरेच जास्त. हे आपण मान्य करू. पण वयाकडेही बघा. पंचावन्नच्या पुढे प्रमाण सर्वांत जास्त होते. आपल्या वाड्यांत आज कोण राहते? मुलगे-सुना मुंबईला, घरी म्हातारी. ती खोकली तर "वय झाले" म्हणून सोडून देतात. त्याच पाहणीत लक्षणे असलेल्यांपैकी ६४ टक्के लोक उपचारासाठी कुठेच गेले नव्हते.

तरुण मुलीचे दुखणे निराळे. लग्न मोडेल म्हणून आईच आजार लपवते. गर्भाशयाच्या नळ्यांना क्षय झाला तर मूल राहत नाही, आणि वांझ म्हणून बोलणी तिनेच खायची. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, म्हणून त्यांचा आजार सुटून जातो. पाच वर्षांखालील मुलात तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. जन्मतः दिलेली बीसीजी लस अशा गंभीर क्षयापासून बाळाला बरेच संरक्षण देते, पण मोठेपणीच्या क्षयाची हमी देत नाही.

तेव्हा एवढे करू. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर वय न विचारता तपासणीला न्यायचे. सासूला न्यायचे, सुनेला न्यायचे, आणि स्वतःही जायचे. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडायचा नाही. नोव्हेंबर २०२४ पासून पोषणासाठी रुग्णाला महिना १००० रुपये मिळतात. ते तिच्याच खात्यात येतात का आणि तिच्याच पोटात जातात का, हे मंडळाने विचारायचे.

आणि घरी गेल्यावर बघा, कुणाचे ताट वेगळे आहे का. असेल, तर आज आपले ताट तिच्याशेजारी मांडा.