सटवी : देवी की शिवी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



परवा रत्नागिरीच्या बाजारात एक आजीबाई नातीवर खेकसल्या, "सटवे, हात सोडू नकोस!" आपण सर्वांनीच हा शब्द कधी ना कधी वापरला आहे. तो मुळात कोणाचा, हे आज सांगावे म्हणते.

सटवी म्हणजे संस्कृतातील षष्ठी. बाळाच्या सहाव्या रात्री येऊन त्याच्या कपाळी भाग्य लिहिणारी ही देवी. तिच्यासाठी कोरा कागद व लेखणी ठेवीत, रात्रभर दिवा जागवीत. तिच्या कृपेने मूल जगले म्हणून मुलाचे नाव सटवाजी ठेवीत. मग देवीची शिवी कशी झाली?

भीतीने झाली. पूर्वी पहिल्या काही दिवसांतच पुष्कळ बाळे दगावत. बाळ वाचले तर देवीची कृपा, गेले तर सटवीचा कोप! पूज्य शब्दांची अशी गत इतरत्रही झाली आहे. ग्रीक भाषेत 'अनाथेमा' म्हणजे देवाला वाहिलेली वस्तू. पुढे ख्रिस्ती धर्मसभेने बहिष्कृत व शापित माणसाला तोच शब्द लावला.

१९५५ साली, मी सात वर्षांची असताना, माझ्या काकूचे बाळ सातव्या दिवशी गेले. ते दूध ओढीना, अंग ताठ झाले. घरच्यांनी काकूलाच सटवी ठरविले. नाळ घरच्या विळीने कापून वर राख लावली होती, याचा विचार कोणीच केला नाही. तो धनुर्वात होता, हे मला माझ्या बाळंतपणात नर्सबाईंकडून कळले. गरोदरपणातील लस आणि नाळेची स्वच्छता यांनी तो टळतो. नवजात बाळांच्या या धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले.

मी काकूला हे सांगितले, तेव्हा तिचे केस पिकू लागले होते. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे मी नाही ना गं खाल्लं त्याला?"

भगिनींनो, सहाव्या रात्री दिवा अवश्य लावा. सटवीला देवी म्हणूनच हाक मारा. लेकीसुनांना हाक मारायला त्यांची नावे आहेत.