ओळ सापडली, ओवी कुठे आहे?

(देवगाव रंगारी येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

समोर बसलेल्या आयाबहिणींपैकी काहींनी पहाटे उठून जातं ओढलं असेल. गिरणी आली, जातं कोपऱ्यात गेलं आणि दळताना गायची ओवीही थांबली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून लाखाच्या वर ओव्या वेचल्या, आणि हे काम मी मराठीवरचं मोठं ऋण मानतो. पुढे बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. त्यांनी शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि ओव्यांचा संगणकीय संग्रह उभारण्यात हातभार लावला. 2017 पासून ‘पारी’, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया, त्या ओव्या लोकांपुढे आणते आहे.

आता समजा, लाख ओव्यांतून पंढरीच्या तेवढ्या हव्या आहेत. संगणकात ‘ग्रेप’ नावाची जुनी आज्ञा आहे, केन थॉम्पसन यांची. शब्द द्या, तो शब्द असलेल्या ओळी क्षणात समोर येतात. पण ती ओळ गायली कोणी? कुठल्या गावात? ओवीची दुसरी ओळ काय? ते सगळं मागे राहतं, कारण ही आज्ञा ओळीपलीकडे बघत नाही. सातबाऱ्यावरचं नुसतं नाव कापून नेलं, गट नंबर, क्षेत्र, बोजा मागे ठेवला, तर त्या चिठोऱ्यावर सोसायटी कर्ज देईल का?

यावरचा इलाज जुना आहे आणि फुकट आहे. 1977 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत आहो, वाइनबर्गर आणि कर्निघन या तिघांनी ‘ऑक’ ही छोटी संगणकीय भाषा तयार केली. तिच्यासाठी मजकूर असा मांडायचा: पहिल्या ओळीत गायिकेचं नाव, दुसरीत गाव आणि तालुका, तिसरीत विषय, मग ओवी, दोन ओळींची असो की चार. पुढची ओवी सुरू करण्याआधी एक ओळ कोरी. ऑकला एवढंच सांगायचं की नोंदींमधलं विभाजक चिन्ह रिकामं धर. मग ती कोऱ्या ओळीपासून कोऱ्या ओळीपर्यंतचा सगळा गठ्ठा एक नोंद मानते. रकाने ओळीवर तोडायला सांगितले की गठ्ठ्यातली प्रत्येक ओळ एकेक रकाना होते. ‘दुसऱ्या रकान्यात कन्नड तालुका आणि तिसऱ्यात भाऊ-बहीण असेल, तर पूर्ण गठ्ठा छाप’ ही सगळी आज्ञा एका ओळीत मावते.

खाचखळगे मात्र आहेत. कोरी दिसणारी ओळ कोरी असेलच असं नाही. तिच्यात एखादी मोकळी जागा टंकली गेली असेल, तर दोन बायांच्या ओव्या एका गठ्ठ्यात जातात आणि एकीचं गाणं दुसरीच्या नावावर चढतं. आपल्या लिपीचा पेच वेगळाच. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला मात्र ते दोन निराळे शब्द. म्हणून ऑकची गाळणी लावण्याआधी सगळा मजकूर एका तऱ्हेवर आणावा लागतो. जुन्या श्रीलिपीसारख्या फॉन्टमधला मजकूर तर आधी युनिकोड या सर्व लिपींच्या सामायिक संकेतात आणल्याशिवाय शोधताच येत नाही. देवनागरीचं एकेक अक्षरचिन्ह साठवायला आज तीन बाइट लागतात आणि मूळ ऑक अक्षरं न मोजता बाइटच मोजत असे. 2022 साली, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, कर्निघन यांनी स्वतः बसून तिच्यात युनिकोडची सोय केली.

एका बाबतीत मी हट्टी आहे. शोध सोपा व्हावा म्हणून गायिकेचा शब्द कोणी ‘शुद्ध’ करू नये. ती ‘पंढरी’ला जे म्हणाली तेच लिहायचं. प्रमाण शब्द हवाच असेल, तर विषयाच्या ओळीत घाला. गाळणीला तो तिथेही सापडतो.

आता उन्हाळ्याची सुट्टी लागेल. मुलांनो, मोबाईल तुमच्या हातात आहेच. आजीला, मावशीला, शेजारच्या काकूला विचारा, त्यांची परवानगी घ्या आणि साध्या मजकुराच्या फाइलमध्ये त्यांच्या ओव्या उतरवून ठेवा. प्रत्येक ओवीवर गाणारीचं नाव, गाव-तालुका आणि विषय वेगवेगळ्या ओळींत लिहा, आणि दोन ओव्यांमध्ये एक ओळ खरोखर कोरी सोडा.