ओटीतलं बोर, वाटीतलं बोर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, बोर म्हटलं की आपल्याला काय आठवतं? शाळेच्या फाटकाबाहेरची चण्यामण्या बोरांची टोपली, कागदाच्या पुडीतलं आंबटगोड बोरकूट. संक्रांतीच्या दिवसांत लहान मुलाला बोरन्हाण घालतात, तेव्हा त्याच्या डोक्यावरून चुरमुरे, हलवा आणि बोरं ओततात, आणि भोवतीची पोरं ती वेचायला धावतात. या आपल्या बोराची भावकी पार कोरियापर्यंत पसरलेली आहे. आज त्या कोरियन बोराविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत.

कोरियात त्याला ‘देचू’ म्हणतात. झाड बोरीच्याच कुळातलं, पण जात निराळी. आपली बोर उन्हाळी मुलखातली. देचूचं झाड मात्र कडाक्याच्या थंडीत पानं गाळून उभं राहतं आणि वसंतात इतर झाडांच्या मागून सावकाश पालवतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळ पिकतं. दक्षिण कोरियातला बोउन परगणा या बोरांसाठी प्रसिद्ध आहे. ऑक्टोबरात तिथे बोरांचा उत्सव भरतो. ताजं फळ सफरचंदासारखं करकरीत लागतं. वाळलं की गडद लाल, सुरकुतलेलं आणि आतून मऊ होतं. चव खजुराच्या वळणाची, पण गोडवा बेताचा.

तसं हे फळ आपल्याला अगदी परकं नाही. युनानी औषधं विकणाऱ्या अत्ताराकडे ‘उन्नाब’ मागून पाहा. तो जे लाल, वाळकं फळ पुडीत बांधून देईल, ते याच जातीचं. आमच्या घरांतून पडसं-खोकल्याच्या दिवसांत उन्नाब, ज्येष्ठमध आणि गुलबनफ्शा यांचा जोशांदा उकळत असतो. आपण त्याला औषधाच्या डब्यात ठेवलं, कोरियन माणसानं स्वयंपाकघरात आणलं, एवढाच फरक.

स्वयंपाकघरात त्याची बडदास्त मोठी. सुरकुत्यांत धूळ अडकते, म्हणून आधी ते मऊ ब्रशनं चोळून धुतात. मग उभा छेद देऊन बीभोवतीचा गर अखंड सोलून काढतात. हा पट्टा घट्ट गुंडाळून त्याच्या आडव्या चकत्या केल्या, की प्रत्येक चकती उमललेल्या फुलासारखी दिसते. ही फुलं चहावर, पेजेवर, मिठाईवर ठेवायची. उरलेल्या बियाही लगेच टाकत नाहीत. त्यांना चिकटलेला गर उकळीत उतरतो.

‘देचू-छा’ म्हणजे या बोरांचा चहा. त्यात चहाची पत्ती नसते. दोन-तीन मुठी बोरं, भांडंभर पाणी, आल्याच्या काही चकत्या. मंद आचेवर दीड-दोन तास ठेवायचं. बोरं पार मऊ झाली की चाळणीवर चोळायची. गर खाली उतरतो, साल आणि बिया वर राहतात. हा गर आणखी आटवून बरणीत भरला आणि फ्रीजमध्ये ठेवला, की लागेल तेव्हा चमचाभर गरम पाण्यात ढवळायचा, वर मध घालायचा आणि चिलगोज्यासारखे पाइनचे दोन-चार दाणे सोडायचे. झोप येत नसेल, अंगात कणकण असेल, तर हा चहा प्यावा, असा तिथला जुना समज आहे. मात्र फळ वाळलं की त्यातली साखर एकवटते. मधुमेह असणाऱ्यांनी हात आवरता घ्यावा.

चंद्र-पंचांगातल्या पहिल्या पौर्णिमेला तिथे ‘याकशिक’ करतात. चिकट तांदूळ, मध, सोया सॉस, तिळाचं तेल, चेस्टनट आणि ही बोरं घालून वाफवलेला तपकिरी गोड भात. ‘याक’ म्हणजे औषध, कारण मध औषधच मानला जाई. तेराव्या शतकातल्या ‘सामगुक युसा’ या ग्रंथात कथा आहे, की सिल्ला राज्याच्या सोजी राजाचे प्राण एका कावळ्यामुळे वाचले, म्हणून या दिवशी कावळ्यासाठी चिकट भात ठेवू लागले. पितृपक्षात कावळ्याची वाट पाहणाऱ्या आपल्याला ही कथा सांगून समजवावी लागत नाही.

ऐन उन्हाळ्यात ते ‘साम्गेथांग’ खातात. कोवळ्या कोंबडीच्या पोटात चिकट तांदूळ, जिनसेंग, लसूण आणि बोर भरून केलेलं वाफाळतं सूप. उष्ण्याला उष्णानंच जिंकावं, हा हिशोब. त्यातलं बोर खाऊ नये, ते सगळं विष शोषून घेतं, असं काही लोक सांगतात. त्याला आधार नाही. खुशाल खावं.

आणि नुसतं येता-जाता तोंडात टाकायचं असेल, तर बी काढून जागी अक्रोडाचा तुकडा दडवायचा. किंवा पातळ चकत्या कुरकुरीत वाळवून डब्यात भरायच्या. तळण नाही, वरून साखर नाही.

पण हे बोर नुसतं खाण्यापुरतं नाही. पूर्वजांच्या श्राद्धाच्या ताटात बोर, चेस्टनट, पेअर आणि पर्सिमन ही फळं ठेवतात. त्यांत बोराचा मान पहिला. लग्नात ‘फ्येबेक’ नावाचा विधी असतो. मेजावर लाल दोऱ्यात ओवलेल्या बोरांचा मनोरा रचतात. नवं जोडपं वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतं. मग वडीलधारे बोरं आणि चेस्टनट उधळतात आणि दोघं पांढरं कापड पसरून ती झेलतात. जितकी फळं कापडात, तितकी मुलं! आपल्याकडच्या ओटीत तांदूळ, खारीक, हळकुंड, सुपारी असते, तिचीच ही थोरली बहीण.

हसतखेळत होणारा विधी आहे. तरी मला त्यातला भार दिसतो. बोर हे तिथे मुलग्याचं प्रतीक मानलेलं. म्हणजे सुनेच्या पदरात पडणारी दुवा कधी मागणी होऊन बसते, ते तिलाच ठाऊक. कोरियन खेड्यांत आणखी एक चाल होती. पाचव्या महिन्याच्या पाचव्या तिथीला, दानो सणाला, बोराच्या झाडाचं लग्न लावायचं. कसं? तर फांद्यांच्या बेचक्यात एक दगड अडकवायचा, म्हणजे झाड भरपूर फळेल. लग्न म्हणून दगड! कवीला यापुढे वेगळं काही लिहायला उरत नाही.

आज त्याच देशात २०२३ साली एका स्त्रीमागे जननदर ०.७२ इतका खाली आला. जगातल्या देशांत तो सर्वांत कमी होता. घरांच्या किमती, मुलांच्या शिकवण्यांचा खर्च, कामाचे लांबलचक तास आणि घरचं सगळं ओझं बाईच्या डोक्यावर, ही त्याची कारणं तिथलेच लोक सांगतात. मूठभर बोरं उधळून यातलं एकही कारण दूर होत नाही.

म्हणून ती उधळायची थांबवावीत, असं मी म्हणणार नाही. दुवा देणाऱ्याचा हात कुणी धरू नये. पण ज्या हातांनी बोरं उधळली, तेच हात एरवी दोन तास चुलीपाशी उभे राहून चाळणीवर गर चोळतात, रात्री उशिरा दमून आलेल्या लेकीसुनेपुढे वाफाळता पेला ठेवतात. बोरांची संख्या न मोजता दिलेली ही दुवा मला जास्त खरी वाटते.

आपल्या घरातही ती देता येईल. अत्ताराकडून पावभर उन्नाब आणा, आलं घालून उकळा, गाळा, मध घाला. आणि तो पेला पुढे करताना, गोड बातमी कधी देणार, एवढं मात्र विचारू नका.