कंबरेचें दुखणें : कारणें आणि शस्त्रक्रियेविना उपचार

आमच्या अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं दोन मोठीं गांवें आहेत. एकाला चांदूर बाजार म्हणतात, दुसऱ्याला चांदूर रेल्वे. १८६७ सालीं भुसावळहून नागपुरास जाणारा लोहमार्ग पुरा झाला. त्या मार्गावरील दुसरें तें आमचें गांव. येथें वैद्यकीचा व्यवसाय करीत असतां, स्टेशनांत उभ्या असलेल्या मालगाडीकडे बोट दाखवून पाठीच्या कण्याची रचना समजावून सांगण्याची मला संवय जडली. मी रोग्याला म्हणत असें, ‘हे डबे म्हणजे मणके, आणि दोन डब्यांच्या मध्यें धक्का सोसणारे बफर असतात ना, ती मणक्यांमधील गादी.’ दृष्टान्त सोपा होता आणि तो तत्काळ पटे. परंतु पुष्कळ वर्षांनीं माझ्या ध्यानांत आलें कीं, या दृष्टान्तानें मीं कित्येकांचें नुकसान केलें आहे. तें कसें, हेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

एके दिवशीं एक शाळामास्तर माझ्याकडे आले. वय चाळिशीच्या आंतबाहेर. पुस्तकांचा गठ्ठा उचलतांना त्यांच्या कंबरेंत उसण भरली होती. मीं त्यांना तीन आठवडे फळीवर निजवून ठेविलें, कंबरेस पट्टा बांधविला, आणि ‘वांकूं नका, उचलूं नका, गादी झिजेल’ असें बजाविलें. मास्तर आज्ञाधारक, त्यांनीं माझा शब्द तंतोतंत पाळला. तीन आठवड्यांचे तीन महिने झाले. पुढें त्यांनीं शहरांत जाऊन एम्. आर्. आय्. काढविला. ‘गादी सरकली आहे’ असा कागद हातीं आला, आणि त्या दिवसापासून या गृहस्थानें पाण्याची बादलीदेखील उचलली नाहीं. चार वर्षांची मुलगी ‘कडेवर घ्या’ म्हणून हात पसरी, तेव्हां आई तिला मागें ओढी व म्हणे, ‘बाबांच्या कंबरेला लागेल.’ दुखणें कंबरेचें होतें. अपंग झालें होतें तें सारें घर.

आतां गादीविषयीं. मनुष्याच्या कण्यांत हालचाल करणारे चोवीस मणके असतात, आणि त्यांच्या दरम्यान तेवीस चकत्या. चकतीच्या मध्यभागीं लिबलिबीत गर असतो व भोंवतीं चिवट तंतूंचें कडें असतें. प्रौढपणीं चकतीच्या अंतर्भागांत रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या मणक्यांतून जें पाणी व पोषण झिरपत येतें त्यावर ती जगते. दिवसभर भार पडला म्हणजे तिच्यांतील पाणी कांहीं अंशीं बाहेर पडतें. रात्रीं आडवें झालें कीं परत शिरतें. त्यामुळें सकाळीं उठतांना आपण आदल्या रात्रीपेक्षां सुमारें एक सेंटिमीटरानें उंच असतों. भिंतीवर खूण करून घरींच हें पडताळून पाहतां येईल. लोखंडी बफर एकदां झिजला कीं झिजला. चकती मात्र जिवंत आहे. तिला भार हवा, विसांवा हवा, आणि या दोहोंची पाळी हवी. येथेंच माझा दृष्टान्त फसला होता.

‘पण कागदावर गादी सरकलेली दिसते, त्याचें काय?’ असें आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. ज्यांना कंबरेचें कसलेंही दुखणें नाहीं अशा तीन हजारांहून अधिक माणसांच्या तपासण्यांचें निष्कर्ष एकत्र करून २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. त्यांत असें आढळलें कीं, विशींतल्या शंभर निरोगी माणसांपैकीं ३७ जणांच्या चकत्यांत झिजेचीं चिन्हें होतीं. पन्नाशींत ८० जणांच्या, आणि ऐंशींत ९६ जणांच्या. म्हणजे ही झीज कपाळावरील सुरकुतीसारखी आहे. ती वयाची खूण आहे, रोगाची खात्री नव्हे. शिवाय, खरोखरच बाहेर आलेला चकतीचा तुकडा पुष्कळदां शरीर स्वतःच शोषून घेतें. मांडींतून पोटरीपर्यंत कळ जाते, जिला आयुर्वेद गृध्रसी म्हणतो, ती व्यथा देखील बहुतेकांच्या बाबतींत कांहीं आठवड्यांत वा थोड्या महिन्यांत शस्त्राविना शमते.

मग कंबर दुखते तरी कशानें? जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणें शंभरांपैकीं सुमारें नव्वद रोग्यांत कोणतेंही एक ठराविक कारण बोट ठेवून दाखवितां येत नाहीं. २०२० सालीं जगांत ६१ कोटी ९० लक्ष लोकांना हा त्रास होता. अनेक गोष्टी मिळून तो उद्भवतो. संवय नसतां अचानक उचललेलें ओझें, तासन्‌तास एकाच स्थितींत राहणें, दुबळे स्नायू, वाढलेलें वजन, धूम्रपान, अपुरी झोंप, मनावरील ताण, हीं सर्व त्यांत येतात. आमच्या भागांत वेचणीच्या दिवसांत बायका कंबरेला ओटी बांधून सकाळपासून कपाशीवर वांकलेल्या असतात. निंदण्याच्या वेळीं उकिडवें बसून तास काढतात. शहरांत कचेरींतला कारकून संगणकापुढें तितकेच तास खिळून बसतो. एकीला श्रम फार, दुसऱ्याला श्रम नाहींत. परंतु पालट दोघांनाही नाहीं.

आतां उपचारांकडे वळूं. उसण भरली म्हणजे पायाळू माणसाला बोलावून त्याचा पाय पाठीला लावून घेण्याची रीत आपल्या आजीबाईंच्या काळापासून आहे. जो पायांकडून जन्मला तो पायाळू. त्याच्या पायांत गुण असतो अशी समजूत. पाय लावला, आणि चार दिवसांनीं बरें वाटलें, असें सांगणारीं माणसें खोटें बोलत नाहींत. मात्र बहुतेक उसणी कांहीं दिवसांत आपोआप उतरूं लागतात, त्यामुळें शेवटीं जो कोणी हात अथवा पाय लावील त्याला यश मिळतें. सुशिक्षितांनीं या पायाळूला हंसूं नये. आमचे पट्टे, आमच्या ओढण्याच्या यंत्रांचीं वजनें, आमच्या विजेच्या पेट्या यांनाही पुष्कळदां त्याच न्यायानें यश मिळालें आहे. २०२३ च्या डिसेंबरांत जागतिक आरोग्य संघटनेनें दीर्घकालीन कंबरदुखीच्या शस्त्रक्रियाविरहित उपचारांविषयीं मार्गदर्शक तत्त्वें प्रसिद्ध केलीं. त्यांत पट्टे, वजन लावून ओढणें, ध्वनिलहरींचा शेक आणि अफूच्या वर्गांतील औषधें यांचा नेहमींचा उपाय म्हणून पुरस्कार केलेला नाहीं. पुरस्कार केला आहे तो रोग्यास नीट समजावून सांगण्याचा, व्यायामाचा, कांहीं हस्तोपचारांचा व मर्दनाचा, मनाची भीति काढणाऱ्या उपचारांचा, आणि जरूरीपुरत्या दाहशामक औषधांचा.

पहिली गोष्ट विश्रांतीची. १९८६ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग झाला. कंबर धरलेल्या कांहीं रोग्यांना दोन दिवस निजण्यास सांगितलें, कांहींना सात दिवस. दोन दिवसवाले तितकेच बरे झाले, आणि कामावर मात्र लौकर गेले. हा प्रयोग मीं वाचला होता. तरी जुनी संवय सुटली नव्हती, आणि मास्तरांना मीं तीन आठवडे निजविलें! कळ असह्य असेल तर एखादा दुसरा दिवस पडून रहावें, गरम पाण्याच्या पिशवीनें शेकावें. गुडघ्यांखालीं उशी घेतली म्हणजे बरें वाटतें. नंतर घरांतल्या घरांत फिरूं लागावें. उघड्या फळीवर निजण्याचें कारण नाहीं. फार मऊ नव्हे आणि दगडासारखें कठीणही नव्हे असें अंथरूण चांगलें. खोल झोळ पडलेली बाज मात्र टाळावी.

दुसरी गोष्ट चालण्याची. २०२४ सालीं ऑस्ट्रेलियांतील एका प्रयोगाचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. कंबरदुखींतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ माणसांपैकीं निम्म्यांना क्रमाक्रमानें चालणें वाढविण्यास शिकविलें. न चालणाऱ्यांचें दुखणें मध्यम मानानें ११२ दिवसांत उलटलें. चालणाऱ्यांचें २०८ दिवसांनीं. या उपचाराला पैसा लागत नाहीं. दहा मिनिटांपासून आरंभ करावा आणि हळूहळू आठवड्यांतून पांच दिवस अर्धा तास येथपर्यंत जावें.

तिसरी गोष्ट व्यायामाची. उताणें निजून गुडघे दुमडावे व कंबर हलकेच जमिनीस टेंकवावी. नंतर त्याच स्थितींत कंबर वर उचलून पांच अंक मोजावे. हातांपायांवर ओणवें होऊन पाठ मांजरीसारखी वर करावी, मग खालीं सोडावी. पालथें पडून कोपरांच्या आधारानें छाती सावकाश उचलावी. या प्रत्येक क्रिया आठ-दहा वेळां कराव्या. थोडें दुखलें तर भिऊं नये. परंतु कळ पायांत उतरत जाऊं लागली तर ती क्रिया थांबवून जाणत्याचा सल्ला घ्यावा. आम्हां वऱ्हाडकरांना व्यायामाचें महत्त्व परक्यांनीं शिकवावयास नको. अमरावतीचें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचें. त्याचे खेळाडू १९३६ सालीं बर्लिनला जाऊन देशी खेळ दाखवून आले. पण तालीम तरुणांची, आणि चाळिशीनंतर केवळ आरामखुर्ची, ही वांटणी आपण केली, ती चुकीची आहे.

औषधांविषयीं एक इशारा. दाहशामक गोळ्या थोडे दिवस उपयोगी पडतात. पण रिकाम्या पोटीं, महिनोन्‌महिने, आणि विशेषतः वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत शरीरांतील पाणी आटलें असतां त्या घेतल्यास जठराला व मूत्रपिंडाला अपाय होतो. घटक ठाऊक नसलेल्या पुड्यांनीं एका रात्रींत गुण आला तर आनंद मानूं नये. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलें असूं शकतें, आणि दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडनें हाडें ठिसूळ होतात.

श्रोतेहो, येथवर मीं ‘भिऊं नका’ असें सांगितलें. आतां दुसरी बाजू. मास्तरांच्याच सुमारास एक शेतमजूर बाई माझ्याकडे आली. पाठ चार महिने दुखत होती. ‘वेचणीनें दुखते,’ असें ती म्हणे, आणि घरचेही तसेंच म्हणत. परंतु तिचें दुखणें रात्रीं वाढत असे, सायंकाळीं अंगांत कणकण येई, आणि लुगडें कंबरेवर ठरेनासें होईल इतकी ती वाळली होती. तो मणक्यांचा क्षय होता. पायांतली शक्ति जाण्यापूर्वीं ती आली, एवढेंच आमचें भाग्य. क्षयाचीं औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. महिनोन्‌महिने तीं न चुकतां घेऊन ती चाकूचा स्पर्शही न होतां बरी झाली. ज्याला भिण्याचें कारण नव्हतें तो माझ्याकडे दहा वेळां आला. जिला होतें ती चार महिने आलीच नाहीं.

म्हणून हीं लक्षणें प्रत्येक घरांत पाठ असावींत. रात्रीं विश्रांतीनेंही न थांबणारें दुखणें, ताप, वजन घटणें. पूर्वीं कर्करोग झालेला असणें. उतारवयांत किरकोळ पडण्यानंतर उठलेली तीव्र कळ. यांपैकीं कांहीं असेल तर डॉक्टरांकडे जाण्यास विलंब लावूं नये. तरुणपणीं सकाळीं तासभर पाठ आंखडते आणि हालचालीनें सुटते, महिनोन्‌महिने असेंच चालतें, तर तो सांध्यांचा वेगळा विकार असूं शकतो. तोही वेळींच तपासावा. आणि लघवी अडणें वा नकळत होणें, मांड्यांच्या मधल्या भागांत बधिरता येणें, पाऊल लुळें पडूं लागणें, यांपैकीं एकही झालें तर त्याच दिवशीं मोठें रुग्णालय गांठावें. तेथें शस्त्रक्रिया हीच तारक ठरूं शकते. तिला नाकारणें हा शहाणपणा नव्हे.

कांहीं कंबरा पुरत्या बऱ्या होत नाहींत, हेंही प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. शेजारच्या वर्धा जिल्ह्यांत हिंगणघाटास १९१४ सालीं जन्मलेले बाबा आमटे यांना कण्याच्या विकारानें बसणें अशक्य झालें होतें. उभें राहणें किंवा आडवें पडणें, एवढेच दोन मार्ग उरले होते. तरी १९८५ सालीं, सत्तरी उलटल्यावर, कन्याकुमारीपासून काश्मीरकडे जाणाऱ्या ‘भारत जोडो’ यात्रेला ते निघाले, आणि मोटारींत आडवे पडून प्रवास करीत राहिले. दुखणें असणें आणि आयुष्य थांबणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हें त्यांच्याकडून शिकावें.

आणि आमचे मास्तर? माझी चूक मीं त्यांच्यापाशीं कबूल केली, पट्टा सोडविला, आणि रोज स्टेशनापर्यंत चालत जाण्यास सांगितलें. पहिल्या आठवड्यांत ते वाटेंत दोनदां बसले. चौथ्या महिन्यांत एके संध्याकाळीं मीं त्यांना फलाटावर पाहिलें. मुलीला गाडी दिसत नव्हती म्हणून त्यांनीं तिला उचलून कडेवर घेतलें होतें. कंबर थोडी दुखतच असावी. पण त्यांचें लक्ष गाडीकडे होतें.