वाचकाला दोष देणं बंद करा



सकाळपासून या साहित्य संमेलनाच्या मांडवात एकच रडगाणं ऐकतोय, की महागावात वाचक उरला नाही. परिसंवादात जो उठला त्यानं मोबाइलच्या नावानं खडे फोडले. आता माझं ऐका, राग आला तरी चालेल. वाचक शाबूत आहे. तो फक्त तुमच्या दारी येत नाही.

बाबूराव अर्णाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या नायकाला, झुंजारला, पऱ्हाटी आणि तूर यांतला फरक तरी कळला असता का? तरी महाराष्ट्रभर लोकांनी तो हातोहात फिरवून वाचला, कारण पुढं काय होतं हे कळल्याशिवाय झोप येत नव्हती. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' कादंबरी 1959 सालची, वारणेच्या खोऱ्यातली. तिच्यातला फकिरा उपाशी माणसांसाठी धान्य लुटतो, कुणापुढं हात पसरत नाही. म्हणून तो विदर्भातल्या मजुरालाही आपला वाटला. तेव्हा 'आपल्या मातीतला लेखक' अशी पाटी लावली की वाचक धावत येईल, हा भ्रम सोडा. मातीचं आरक्षण वाचनात चालत नाही.

आता अवघड जागी बोट ठेवतो. आपल्याच तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी बायको-लेकरांसह जीवन संपवलं. त्यानंतर आपण कवींनी शेतकऱ्याच्या मरणावर ढीगभर लिहिलं. बहुतेक कवितांत तेच झाड, तोच दोर, तीच कोरडी विहीर. ज्याच्या घरात हे घडलं, त्यानं तुमच्या टाळ्यांसाठी ते पुन्हा का वाचावं? मेलेला शेतकरी त्याला तुमच्याहून जास्त ठाऊक आहे.

उद्धव शेळक्यांची 'धग' कादंबरी उघडा. नायिका कौतिकवर लेखक दया करत नाही. नवरा खचतो, पैसा पुरत नाही, अन् ही बाई वऱ्हाडीत ठणकावून बोलते, राबते, भांडते. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' कादंबरीला 2004 साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण वाचक पुरस्कारापायी चिकटला नाही. शिकून-सवरून शेतात अडकलेल्या एकनाथच्या संसारात उडणारे खटके वाचकानं स्वतःच्या ओसरीवर ऐकले होते. तिथं माणूस मरणाआधी जगतो. तुमच्या कवितेत तो जगतच नाही!

आणखी एक. 2019 च्या यवतमाळच्या साहित्य संमेलनाला लेखिका नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण मागं घेतलं गेलं. न झालेलं त्यांचं बेधडक भाषण लोकांनी मिळवून वाचलं. बेधडक लिहिणाऱ्याला वाचक शोधत जातो, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झालंय. मग घाबरत कशाला लिहिता?

संयोजकांना एकच विनंती. यंदा शाल-श्रीफळाचा खर्च वाचवा, त्या पैशात 'धग' आणि 'बारोमास'च्या प्रती घ्या आणि तालुक्यातल्या वाचनालयांना द्या. माझी शालही त्यातच धरा.